कोयनेच्या पावसात कापड वाळायचे कुठे?

पावसाळ्यात सातारा-सांगलीकडची वर्तमानपत्रे उघडली, की एक लहानशी बातमी रोज दिसते. धरणात पाणीसाठा इतका टीएमसी. गेल्या चोवीस तासांत कोयनानगरला इतका पाऊस, नवजाला इतका, महाबळेश्वरला इतका. बहुतेक वाचक साठ्याचा आकडा वाचतात आणि पान उलटतात. धरण भरले की वीज मिळणार, खाली शेतीला पाणी मिळणार, आनंदाचीच गोष्ट. मी मात्र कोयनानगरच्या पावसाच्या आकड्याकडे एका वेगळ्याच कारणासाठी पाहते. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो त्या गावात. जून ते सप्टेंबर सूर्याचे तोंड क्वचितच दिसते. तिथल्या मुली आणि बाया पाळीचे कापड वाळत कुठे घालत असतील?

मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न वाचून काही माना खाली गेल्या असतील, काही मुलगे एकमेकांकडे बघून हसले असतील, आणि एखादे गुरुजी म्हणाले असतील, ‘विज्ञानाच्या मासिकात हे कशाला?’ मला वाटते, ते इथेच हवे. द्रव शोषला कसा जातो, ओले कापड वाळते म्हणजे नेमके काय होते, जंतू कुठे वाढतात, प्लॅस्टिक मातीत का कुजत नाही, हे तुम्ही निरनिराळ्या धड्यांत शिकता. ते सगळे धडे एकाच वेळी कामाला लागावेत अशी वस्तू तुमच्या घरात आहे, आणि तिच्याबद्दल मात्र घरात कोणी बोलत नाही.

मी बरीच वर्षे डोंगराळ भागातल्या शाळेत विज्ञान शिकवले. आठवी-नववीच्या मुलींशी पाळीविषयी बोलण्याचे काम ओघानेच माझ्याकडे येई. ‘बाई, पॅड चांगलं की कापड?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माझे उत्तरही ठरलेले : पॅड. माहितीपुस्तिकेत तसे छापलेले असे आणि मलाही ते पटत असे. एका पावसाळ्यात एक मुलगी सगळ्याजणी गेल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, ‘पण बाई, वापरलेलं टाकायचं कुठं?’ आमच्या शाळेत मुलींच्या संडासात झाकणाची बादली नव्हती; दाराला कडीसुद्धा धड नव्हती. ही मुलगी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून दप्तरात ठेवी, चार-पाच किलोमीटर पावसात चालत घरी नेई आणि अंधार पडल्यावर ओढ्यात सोडून देई. ‘ओढ्यात टाकू नये,’ एवढे मी म्हणाले. मग कुठे टाकावे, हे मला सांगता आले नाही. त्या दिवसापासून ते ठरलेले उत्तर देणे मी सोडले.

‘सगळ्यांत चांगले साधन कोणते?’ हा प्रश्न मला आता अर्धवट वाटतो. कुणासाठी चांगले, कुठे, कोणत्या ऋतूत, किती तास घराबाहेर असताना, हे विचारल्यावाचून त्याचे उत्तर देताच येत नाही. पाकिटावर छापलेल्या गोष्टींपेक्षा आपल्या गावातल्या गोष्टी तिथे जास्त महत्त्वाच्या ठरतात. आपण एकेक साधन घेऊन पाहू.

आधी एक आकडा लक्षात घ्या. एका पाळीत, तीन ते सात दिवसांत मिळून, साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. चहाचा लहान कप अर्धासुद्धा भरणार नाही इतके. ८० मिलिलिटरच्या वर जात असेल, तर डॉक्टर त्याला अतिस्राव समजतात. अशा वेळी साधन बदलत बसू नये, दवाखाना गाठावा. कारण प्रत्येक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते, आणि आपल्याकडच्या मुलींच्या शरीरात लोह आधीच बेताचे असते.

आता दुसरा आकडा. भारतीय मानक संस्थेने १९८० साली पॅडसाठी ठरवलेल्या मानकात (आय. एस. ५४०५) एक कसोटी होती : पॅडच्या मध्यावर मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडायचा, तो खालून किंवा कडेने पाझरता कामा नये. म्हणजे एका पॅडने जवळजवळ एका संपूर्ण पाळीइतका द्रव धरून ठेवला पाहिजे! मग चार ते सहा तासांनी पॅड बदला असे का सांगतात? पॅड भरतो म्हणून नव्हे. शरीराच्या उबेत, ओलाव्यात, रक्तातल्या प्रथिनांवर जंतू वाढू लागतात, वास येतो, कातडी ओली राहून सोलवटते. घड्याळ लावायचे ते जंतूंसाठी. ‘बारा तास काळजी नको’ अशी जाहिरात दिसली, तर ती द्रवाबद्दल बोलते आहे, जंतूंबद्दल नाही, हे ध्यानात ठेवा. आणि त्या जाहिरातीत ओततात तो निळा द्रव! तोही काही खरा नमुना नव्हे. का नव्हे, ते एका सोप्या प्रयोगाने कळेल.

एक नवा, कोरा पॅड घ्या. कातरीने त्याचे पोट उघडा आणि आतला कापसासारखा लगदा कागदावर हळूच झटका. (नाकाशी धरू नका, बारीक धूळ उडते.) बहुतेक पातळ पॅडमधून साखरेसारखे पांढरे कण खाली पडतील. हे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाचे बहुवारिक. पेल्यात ते चमचाभर टाका आणि वर पाणी ओता. पाहता पाहता त्याची जेली होईल. पेला उपडा केला तरी पाणी सांडणार नाही. या बहुवारिकाच्या लांब साखळ्यांवर ऋण प्रभार असतात. कोरड्या स्थितीत सोडियमचे धन आयन त्यांना शांत ठेवतात. पाणी आले की सोडियम सुटा होतो, साखळ्या एकमेकींना दूर ढकलू लागतात, जाळे फुगते आणि परासरणाने पाणी आत ओढले जाते. शुद्ध पाणी असेल तर हे कण स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात. आता त्या जेलीत दोन चमचे मीठ घालून ढवळा. जेली खचेल आणि पाणी सुटेल. खाऱ्या पाण्यात या बहुवारिकाची ताकद कितीतरी कमी होते, आणि रक्त खारट असते. निळ्या पाण्याने केलेली परीक्षा म्हणजे सोप्या पेपराची परीक्षा. प्रयोग झाला की जेली मोरीत ओतू नका, नळी तुंबेल. कागदात गुंडाळून केरात टाका.

पॅडचा शोध तसा फार जुना नाही. पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला म्हणून लाकडाच्या लगद्यापासून जखमा बांधण्याचे शोषक साहित्य तयार केले गेले. परिचारिकांनी तेच पाळीसाठी वापरले, आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेत त्याचे पॅड बाजारात आले. आजच्या पॅडमध्ये तो लगदा आहेच, पण वरची जाळी, खालचा न पाझरणारा पापुद्रा आणि चिकटपट्टी ही प्लॅस्टिकच्या घराण्यातली आहेत. घेतले, लावले, टाकले. धुणे नाही, वाळवणे नाही. ज्या मुलीला सकाळी सहाला एस. टी. पकडून संध्याकाळी परतायचे आहे, तिला ही सोय किती मोठी वाटते हे मी पाहिले आहे. पॅडमुळे मुलींच्या शाळा सुटायच्या राहिल्या, यावर मी वाद घालणार नाही.

पण कापडाला उगाच बदनाम करू नये. सुती कापडाचे तंतू सेल्युलोजचे. त्यांच्यामधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने द्रव ओढला जातो. जुने, धुऊन मऊ झालेले सुती लुगडे नव्या कापडापेक्षा चांगले शोषते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. रक्ताचा डाग थंड पाण्याने धुवावा हेही त्यांना ठाऊक होते. कारण सोपे आहे : गरम पाण्याने रक्तातली प्रथिने अंडे शिजावे तशी गोठतात आणि तंतूंना घट्ट धरून बसतात. आधी थंड पाणी, मग साबण, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणे, आणि मग कडक ऊन. एवढे झाले तर कापडात दोष नाही. हल्ली शिवलेले, बटणाचे सुती पॅडही मिळतात. ते म्हणजे याच कापडाची सुधारलेली आवृत्ती.

‘एवढे झाले तर’ या शब्दांपाशी कोयनानगर आड येते.

ओले कापड वाळते म्हणजे त्यातल्या पाण्याची वाफ हवेत जाते. हवेत आधीच किती वाफ आहे यावर वाळण्याचा वेग ठरतो. मे महिन्यात हवा कोरडी असते, तासाभरात कापड कडकडीत होते. जुलैत कोयनेच्या खोऱ्यात हवा वाफेने जवळजवळ भरलेलीच असते. कापडातल्या पाण्याला जायला जागाच नसते. पॅन्ट-शर्टसुद्धा दोन-दोन दिवस दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. तो वास म्हणजे जंतू आणि बुरशी यांची हजेरी. आता हे कापड तर लपवून वाळत घालायचे! साडीच्या खाली, परकराच्या आत, खाटेच्या मागे, न्हाणीच्या कोपऱ्यात. वारा नाही, ऊन नाही, वर दुसऱ्या ओल्या कापडाचे झाकण. वाळण्याच्या विरुद्ध जेवढे म्हणून करता येईल, तेवढे सगळे आपण करतो. ओडिशात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळीचे कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि संडासाच्या खोलीत ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला, असे त्यात नोंदले आहे. तेव्हा मी तरी बोट कापडाकडे दाखवणार नाही. ते लाजेकडे दाखवीन.

इथे मला आपल्या सरकारी मोजणीबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारले, की तुम्ही काय वापरता? ६४ टक्के म्हणाल्या पॅड, ५० टक्के म्हणाल्या कापड, १५ टक्के म्हणाल्या स्थानिक पातळीवर बनवलेले पॅड. पाहणीने पॅड, टॅम्पॉन, कप यांना ‘आरोग्यदायी साधने’ म्हटले आणि कापडाला त्या यादीत घेतलेच नाही. उन्हात वाळवलेले स्वच्छ कापड वापरणारी बाई अस्वच्छ ठरली, आणि सकाळी लावलेले पॅड रात्री काढणारी मुलगी आरोग्यदायी ठरली. हे मोजमाप मला अशास्त्रीय वाटते. कारण इथे वस्तूचे नाव मोजले गेले, ती वापरली कशी जाते हे मोजले गेले नाही.

आणि त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ६४, ५० आणि १५ यांची बेरीज करा. शंभराच्या पुष्कळ वर जाते. म्हणजे कित्येकजणी दोन्ही वापरतात. बाहेर जाताना पॅड, घरी कापड. बायांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे निवड कधीच केलेली आहे. आम्ही शिकवणारेच ‘हे की ते’ करत बसलो.

आता नकाशा उघडा. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कोयनानगर आहे. पूर्वेला माण तालुका, दहिवडी आणि म्हसवड. तिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या एक-दशांश. ऊन हवे तेवढे. कापड तासात वाळेल. पण उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते तेव्हा कापड धुवायला बादलीभर पाणी कुठून आणायचे? एका जिल्ह्याच्या दोन टोकांना एकच साधन दोन उलट कारणांनी अडते : इकडे पाणी आहे तर ऊन नाही, तिकडे ऊन आहे तर पाणी नाही. मुंबईत किंवा दिल्लीत बसून एकच उत्तर छापले, तर ते दोन्ही ठिकाणी अपुरे पडणार नाही का?

काही वेळा तर निवडीला जागाच उरत नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. घरे गाडली गेली, माणसे गेली, आणि वाचलेल्या कितीतरी कुटुंबांना कोयनानगरात निवारा घ्यावा लागला. चार-दोन खोल्यांत अनेक कुटुंबे, बाहेर धो-धो पाऊस. अशा वेळी कापड धुवा आणि उन्हात घाला हा सल्ला म्हणजे थट्टाच. तिथे पॅडच हवेत, आणि धान्य-ब्लँकेटांबरोबर पहिल्या दिवशी हवेत. त्यांच्या जोडीला झाकणाच्या बादल्याही हव्यात.

कारण पॅडचे अर्धे विज्ञान ते वापरून झाल्यावर सुरू होते. एका स्त्रीला आयुष्यात सुमारे साडेचारशे पाळ्या येतात. दर पाळीला दहा-बारा पॅड धरले तर पाच हजारांच्या आसपास होतात. प्रत्येकातले प्लॅस्टिक शेकडो वर्षे कुजत नाही. जंतूंना त्या रेणूंची लांबच लांब साखळी तोडता येत नाही. शहरात हे पॅड कचरागाडीत जातात आणि पुढे कुणाच्या तरी हातात येतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील स्त्रिया रोज हे उघडे पॅड हाताने वेगळे करीत. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिली. मला ही युक्ती फार आवडली. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत, पॅड गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. तुम्ही पॅड टाकाल तेव्हा कागदात गुंडाळून, वर ओळखता येईल अशी लाल खूण करून टाका. कचरा वेचणाऱ्या बाईचे हात तुमच्या-माझ्या हातांसारखेच आहेत.

खेड्यात गाडीच नसते. मग पुरणे, जाळणे किंवा पाण्यात सोडणे. कोयनेच्या खोऱ्यातल्या उतारावर, चार महिने पाण्याने भिजलेल्या जमिनीत पुरलेले पॅड पहिल्याच मोठ्या सरीत वर येते. ओढ्यात सोडलेले कोयनेत जाते. कोयना हेळवाक, पाटण करीत कराडला कृष्णेला मिळते. आणि तेच पाणी पुढे सांगलीपर्यंतची गावे पितात. जाळायचे म्हटले तर ओले पॅड चुलीत धड जळत नाही. प्लॅस्टिक नीट जळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. शाळेच्या मागे डब्यात पेटवले तर विषारी धूर तेवढा निघतो. काही शाळांत भिंतीवर विजेची लहान भट्टी बसवतात. ती किती तापते, धूर कुठे जातो आणि वीज गेल्यावर काय करतात, हे शिक्षकांनी विचारून घ्यावे. भट्टी बसवली म्हणजे काम झाले असे नाही.

‘निसर्गात विरघळणारे’ अशी अक्षरे काही पाकिटांवर असतात. त्यांतल्या ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ प्रकाराकडे जरा शंकेने पाहा. त्यात साध्या प्लॅस्टिकमध्ये एक रसायन मिसळतात, त्यामुळे ते लवकर भुगा होते. भुगा होणे म्हणजे कुजणे नव्हे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. हे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण आपल्या जनौषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयाला एक मिळू लागलेले ‘सुविधा’ पॅड याच प्रकारचे आहेत, आणि एक रुपया ही किंमत गरीब घरातल्या मुलीसाठी फार मोठी गोष्ट आहे. केंद्र जवळ असेल तर ते जरूर घ्यावेत. फक्त ते आपोआप नाहीसे होतील असे समजून रानात टाकू नयेत.

टॅम्पॉनबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या खेड्यांतल्या दुकानांत ते सहसा दिसतच नाहीत. शरीराच्या आत ठेवायची ही शोषक सुरळी. अमेरिकेत १९८० साली अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जंतूच्या विषाने होणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा आजार पसरला, आणि एका कंपनीला आपला माल बाजारातून काढून घ्यावा लागला. अधिक शोषणे म्हणजे अधिक चांगले, हा समज तिथे महाग पडला.

कप मात्र निराळ्या तत्त्वावर चालतो. तो शोषत नाही, साठवतो. सिलिकोनची ही छोटी वाटी घडी घालून योनिमार्गात बसवायची. आत ती उमलते आणि कडेने घट्ट बसते. जास्तीत जास्त बारा तासांनी काढून, ओतून, धुऊन पुन्हा बसवायची. पाळी संपली की पाच-दहा मिनिटे पाण्यात उकळून ठेवायची. कल्पना नवी नाही : अमेरिकेतील लिओना चाल्मर्स या अभिनेत्रीने १९३७ साली तिचे एकस्व घेतले होते. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा, सुमारे ३,३०० स्त्रिया व मुली यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कपातून गळती पॅडइतकीच किंवा कमी होते, आणि वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांना पुढेही तोच वापरायचा होता, असे त्यात आढळले. मात्र सवय व्हायला काही महिने लागतात.

केरळात २०१९ साली अलप्पुळा येथे सुमारे पाच हजार कप वाटले गेले. २०२२ साली एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी हे गाव पॅडमुक्त पंचायत म्हणून जाहीर झाले. हे तिथेच का घडले असावे? ती खाडीची, पाणथळ गावे. दोन हात खणले की पाणी लागते, पॅड पुरायला जागा नाही. पावसाळ्यातल्या कोयनेशी हे चित्र बरेच जुळते. कपाला ऊन लागत नाही आणि कचराही होत नाही. किंमत तीन-चारशे रुपयांपासून पुढे, पण एक कप कित्येक वर्षे चालतो. कोयनानगरसाठी कागदावर तरी हे उत्तर सगळ्यांत बरोबर दिसते.

पण कागद आणि घर यांत अंतर असते. कप उकळायला वेगळे पातेले लागते. ते चुलीवर ठेवायला सासूबाई किंवा आई परवानगी देतील का? हात स्वच्छ धुवायला संडासात नळ आहे का? आणि लग्नाआधी मुलीने असे काही आत घातले तर ‘काहीतरी बिघडेल’ ही भीती. योनिमुखाचा पडदा प्रत्येकीत निराळ्या आकाराचा असतो, खेळताना-वाढतानाही तो सैल होतो, आणि त्यावरून कुणाच्या वागण्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. हे डॉक्टर सांगतात, पण घरी कुणी सांगितलेले नसते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलीला कप घेच असा आग्रह मी करणार नाही. नको वाटला तर नको. तो आहे, असा असतो, असा वापरतात, एवढे तिला ठाऊक असले पाहिजे. ठाऊकच नसेल तर निवड कसली?

२०१८ च्या महिला दिनी राज्य शासनाने ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत, अशी ती कल्पना. हेतू चांगला होता, त्याबद्दल दुमत नाही. पण पाकीट देणे आणि निवड देणे यांत फरक आहे. शाळेने एवढे तरी करावे, असे मला वाटते : मुलींच्या संडासाला आतून कडी, नळाला पाणी, झाकणाची बादली आणि ती रिकामी कुठे होते याचा ठरलेला बंदोबस्त; आणि वर्षातून एकदा पॅड, कापड आणि कप तिन्ही टेबलावर उघडे मांडून, मुलामुलींना एकत्र बसवून, एखाद्या डॉक्टरांचे किंवा परिचारिकेचे बोलणे. मुलगेही हवेतच. उद्या घराबाहेरच्या दोरीवर बहिणीचे कापड वाळताना दिसले, तर ते पाहून न हसणारा भाऊ आपल्याला हवा आहे. लपवणे त्याच्यासाठीच तर चाललेले असते.

कुणी आज मला कोयनानगरहून विचारले, तर मी साधारण असे सांगेन. ऑक्टोबर ते मे, घरी असताना कापड. बाहेरच्या दोरीवर, सरळ उन्हात. जून ते सप्टेंबर पॅड, आणि ते टाकायची सोय आधी ठरवून. पावसाळ्यातही कापडच वापरायचे असेल तर चार-पाच तुकड्यांवर भागवू नका, दहा-बारा ठेवा. जाड घडी न शिवता पातळ, उलगडून पसरता येईल असे घ्या. चुलीजवळच्या वलणीवर किंवा पंख्याखाली मोकळे पसरा आणि वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. दमट लागले तर वापरू नका. आणि कप समजून घेऊन, आपणहून घ्यावासा वाटला, तर बारा महिने तोच. म्हसवडच्या मुलीला मी यातले निम्मे बदलून सांगेन. आणि दोघींनाही सांगेन, की माझे ऐकून झाल्यावर आपल्या अंगणात एकदा मोजून पाहा.

मोजायचे असे. एकाच जुन्या सुती कापडाचे सारख्या आकाराचे तीन तुकडे कापा. कोरडे असताना वाण्याच्या तराजूवर वजन करा. तिन्ही भिजवून, सारखे पिळून पुन्हा वजन करा. एक तुकडा बाहेर दोरीवर घाला (पाऊस असेल तर वळचणीखाली), दुसरा घरात मोकळा, आणि तिसरा घरातच, पण वर एक ओली साडी किंवा टॉवेल टाकून. दर दोन तासांनी तिन्हींचे वजन करून आलेख काढा. कोरड्या वजनाशी येऊन ठेपायला कुणाला किती तास लागले, ते लिहा. हाच प्रयोग जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा करा. हे काम मुलग्यांनीही करावे. यात लाजण्यासारखे काही नाही, कापड कोरेच आहे. आलेख संपादकांकडे पाठवा. कोयनानगर, हेळवाक, पाटण इथल्या वाचकांनी जुलैचे आकडे आठवणीने पाठवावेत. दहिवडी-म्हसवडच्या वाचकांचे आकडे त्यांच्या शेजारी छापता येतील.